रीस्टार्ट सोडून काहीही सांगा

वर्षश्राद्धाच्या पत्रिका छापायच्या असतील तर शहाण्या माणसानं सरळ प्रेसमध्ये जावं. मजकूर द्यावा, प्रूफ पाहावं आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन घरी यावं. हे मला कळत नव्हतं असं नाही. सेलूच्या बसस्टँडजवळ मी जन्मभर नळ, पाइप आणि रंगाचं दुकान चालवलं; गावात प्रेस कुठे आहे हे मला कोणी सांगायला नको. पण आमचा प्रेसवाला मजकूर वाचताना तंबाखू मळतो. सुमित्राचं नाव त्या तंबाखूच्या हातून छापून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. घरात लॅपटॉप होता, मुलानं दिवाळीला दिलेला प्रिंटर होता, आणि वेळ तर इतका होता की त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. म्हटलं, बायकोची पत्रिका आपण आपल्या हातानं छापू.

इथेच चुकलं.

पुढचं सांगण्याआधी त्या लॅपटॉपबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला मूर्ख म्हणाल ते तरी पूर्ण माहिती घेऊन म्हणाल. तो लॅपटॉप जवळजवळ वर्षभरात एकदाही बंद झालेला नाही. त्याच्यावर सुमित्राचा पत्त्यांचा डाव मांडलेला आहे.

सुमित्राच्या किडन्या गेल्या तेव्हापासून तिला डायलिसिससाठी वर्ध्याला न्यावं लागायचं. परत आली की खाटेवर. टीव्हीचा तिला कंटाळा आणि मोबाइलची अक्षरं दिसायची नाहीत. स्वप्निल, म्हणजे आमचा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. तो घरी आला तेव्हा त्यानं आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकून दिलं. म्हणाला, "बाबा, याले नवं विंडोज झेपत नाई. हे हलकं आहे." त्या लिनक्समध्ये पत्त्यांचा खेळ निघाला. सात ओळी, लालवर काळं, काळ्यावर लाल, आणि वर चार एक्क्यांची घरं. सुमित्रानं तो खेळ असा उचलला की विचारू नका. हरली की मशीनला शिव्या, जिंकली की मला हाक. एवढी आजारी बाई, पण डाव अडला की तिच्या कपाळावर ज्या आठ्या पडायच्या त्या आजाराच्या नसायच्या. मला तेवढंच बरं वाटायचं.

शेवटच्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तिनं एक पत्ता उचलून दुसरीकडे ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, हे बंद नका करू. मी आली का पाहीन."

ती आली नाही. मी बंद केलं नाही.

मी काही खुळा नाही. ती येणार नाही हे मला समजतं. पण जाताना माणसानं एकच गोष्ट सांगितली असेल आणि ती आपल्या हातची असेल, तर ती का करू नये? मी दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला आणि लॅपटॉपला जोडला. तिच्याच हातचा विणलेला रुमाल त्याच्यावर झाकला. रोज सकाळी रुमाल काढतो, माउस एवढासा हलवतो, पडदा उजळला की डाव जागेवर आहे हे पाहतो आणि चहा मांडायला जातो. शेजारचे महादेवराव विजेच्या खात्यातून रिटायर झालेले आहेत. लाईट जाणार असेल तर त्यांना आधी कळतं, आणि ते गच्चीवरून ओरडून मला सांगतात. त्यांना वाटतं मी घरी बसून शेअर बाजार करतो. हा समज त्यांनी गल्लीभर पसरवला आहे आणि मी तो खोडून काढलेला नाही. बायकोचा पत्त्यांचा डाव राखत बसलोय म्हणण्यापेक्षा सट्टा करतो म्हणणं पुरुषमाणसाला सोपं जातं.

तर पत्रिका. डावाची खिडकी तशीच ठेवून मी शेजारी दुसरी खिडकी उघडली, मजकूर टाइप केला आणि छापायचं बटण दाबलं. प्रिंटरनं घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि एक कागद बाहेर टाकला. त्यावर एकच ओळ होती, तीही कोणत्या लिपीत ते देव जाणे. मग दुसरा कागद, त्यावरही एकच ओळ. मग तिसरा. मी थांब म्हणायचं बटण शोधेपर्यंत त्यानं अर्धा गठ्ठा असा एकेक ओळ लिहून संपवला. पत्रिका एकही नाही.

स्वप्निलला फोन लावला.

"बाबा, रीस्टार्ट केलं का?"

"नाई."

"करून पाहा न एकडाव."

"नाई करत."

"काऊन?"

"तू दुसरं काही असन तं सांगजो."

"जेवले का तुमी?" तो म्हणाला. पोरगा हुशार आहे, पण आईच्या बाबतीत आम्ही दोघंही एकमेकांशी बोलत नाही. तिचा विषय निघाला की तो जेवलात का विचारतो आणि मी पुण्यात थंडी किती आहे ते विचारतो. शेवटी तो म्हणाला, "आपल्या इकडचा एक लिनक्सवाल्यांचा ग्रुप आहे व्हॉट्सॲपवर. तुम्हाले टाकून देतो. लोक चांगले आहेत, विचारजा."

अनोळखी लोकांपुढे आपली अडचण मांडायची म्हणजे दुकानदाराला मरणप्राय. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळक्या नळांवर सल्ले दिलेले असतात. तरी मी मन घट्ट करून लिहिलं: "स.न.वि.वि. माझ्या घरचा प्रिंटर एका पानावर एकच ओळ छापत आहे व तीही अगम्य. कृपया मार्गदर्शन व्हावे. आपला, ताराचंद, सेलू." पाणी प्यायला उठलो आणि परत आलो तोवर उत्तरं येऊन पडली होती. एकानं विचारलं होतं, "रीस्टार्ट केलं काय काका?" दुसऱ्यानं, "पहिले रीस्टार्ट मारा." तिसऱ्यानं नुसतं एक गोल फिरणारं चिन्ह टाकलं होतं, त्याचाही अर्थ तोच. मी लिहिलं, "रीस्टार्ट सोडून काहीही सांगा."

ग्रुपचा कारभारी धीरज नावाचा गृहस्थ. त्याचं समुद्रपूरला मोबाइलचं दुकान आहे. त्यानं मला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि एक इंग्रजी ओळ पाठवून ती तिथे जशीच्या तशी टाका म्हणाला. टाकली. मशीननं पासवर्ड मागितला. पासवर्ड मला पाठ आहे. पण मी टाइप करू लागलो तर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, काही नाही. त्या वेळी महादेवराव दुपारची लाईट जाणार हे सांगायला प्रत्यक्ष आलेले होते. मी रुमाल डावावर ओढून घेतला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"बटनं गेली जी तुमची. जोरानं दाबा."

मी जोरानं दाबली.

"अजून जोरानं. नाई तं थोडं थिनर मारा, तुमच्या दुकानात असनच."

थिनर मारण्याइतका मी त्या दिवशी खचलो नव्हतो. धीरजला विचारलं. तो म्हणाला, "काका, ते मुद्दाम दिसत नाई. दिसत नाई, पण लागते." महादेवरावांना हे अजिबात पटलं नाही. जे दिसत नाही ते लागतं कसं, असं म्हणत ते निघून गेले. मला पटायला काही अडचण आली नाही. वर्षभर या घरात तेच चाललं होतं.

त्या ओळीनं मशीनमध्ये काय काय नवीन येऊन पडलं मला माहीत नाही. बराच वेळ अक्षरं वरून खाली धावत होती आणि मी समोर हात जोडून बसलो होतो. शेवटी मशीन म्हणालं, झालं, आता रीस्टार्ट करा. मी नाही म्हटलं. प्रिंटर तसाच राहिला. मात्र दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचा आवाज गेला. ग्रुपवर विचारलं, त्यांनी दुसरी ओळ दिली. आवाज आला नाही, वायफाय गेलं. मोबाइलवरून पुन्हा विचारलं, तिसरी ओळ आली. ती हातानं टाइप करताना माझी कुठेतरी एक रेघ चुकली असावी, कारण त्यानंतर खिडक्यांवरच्या मराठी अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसू लागले. फाइल हा शब्द तीन डबे. माझं नाव चार डबे. डाव मात्र ठीक होता. पत्त्यांना भाषा नसते.

धीरजनं समजावून सांगितलं, "काका, अर्धं मशीन नवं झालं न अर्धं जुनं राह्यलं. बंद होऊन चालू झाल्याबिगर नवं जागेवर बसत नाई." मी पाइपवाला माणूस, मला हे न समजायला काय झालं. मेन कॉक बंद न करता मी घरभर तोट्या बदलत सुटलो होतो. पाणी अंगावर येणारच. तरीही मी म्हटलं, दुसरं काही असेल तर सांगा.

त्यावर धीरजनं आणखी एक छोटी ओळ दिली. मशीन किती दिवसांपासून चालू आहे ते ती सांगते. मी उत्तर ग्रुपवर टाकलं. मग हिंगणघाटच्या एका पोरानं लिहिलं, "बाप्पा! तीनशेच्या वर दिवस?" दुसरा म्हणाला, "आमच्या कॉलेजचा सर्व्हर हप्ताभर नाई टिकत." तिसऱ्यानं विचारलं, "सर, तुमी कोणत्या कंपनीत होते?" तासाभरात मी त्या ग्रुपचा गुरुजी झालो. ज्याला आपल्या घरचा प्रिंटर चालवता येत नाही त्याला लोक मशीन कसं टिकवावं ते विचारू लागले. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची लाज वाटत होती. म्हणून मी एवढंच लिहिलं, "बंद करू नये. रोज सकाळी एकदा पाहावे. रुमाल झाकावा." त्या रुमालावर दोघांनी बराच विचार केला आणि तो धुळीसाठी असावा असं ठरवलं.

पण मान मिळाल्यानं पत्रिका छापून होत नाहीत. श्राद्ध जवळ येत होतं आणि लॅपटॉपचा पंखा आता इतका घरघरू लागला की महादेवरावांच्या गच्चीवर ऐकू जाई. वर्ध्याला हिरालाल कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्या दुकानातून त्यानं घराचा रंग नेला होता, म्हणजे ओळखीचा. लॅपटॉपची बॅटरी तासभर तग धरते. बसला तेवढा वेळ लागत नाही. झाकण मात्र मिटता येणार नव्हतं, कारण ते मिटलं की मशीन झोपतं आणि झोपलेलं परत उठेल याची हमी कोणी देईना. म्हणून उघडा लॅपटॉप एका पाटावर ठेवला, वर रुमाल पांघरला आणि पाट मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो.

कंडक्टर आला. "काय जी काका, पोपट आहे का? पोपटाले तिकीट लागते."

"पोपट नाई."

"मंग काय झाकून राह्यले एवढं?"

काय सांगणार? तोंडून निघून गेलं, "पेशंट आहे."

शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकून बसली. "लागट आहे का बाप्पा?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं, तरी पुढच्या थांब्याला ती उठून मागे गेली. तिचं काही चुकलं नाही. गेल्या वर्षी याच रस्त्यानं आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो, तेव्हा सुमित्राच्या तोंडावरही पदर असायचा, आणि तेव्हाही लोक असेच सरकून बसायचे. मी रुमालाची कड नीट केली आणि खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दुकानात नंबर लागेपर्यंत तासभर पिन लावून बसलो. मग हिरालालनं रुमाल उचलला, दोन बटणं दाबली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "शेटजी, पूरं बिघडून गेलं हे. फॉर्मेट मारून देतो. एकदम नवं होऊन जाईन." आणि बोलता बोलता त्याचं बोट चालू-बंदच्या बटणाकडे गेलं. मी त्याचं मनगट धरलं. किती जोरानं धरलं ते मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं. दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून पाहू लागली.

"अहो, डेटा आहे का काही याच्यात?"

"नाई."

"फोटो? हिशेब?"

"नाई."

"मंग आहे काय?"

मी पिन काढली, पाट उचलला आणि चालता झालो. एवढं वय झालं, दुकानात कधी कोणावर आवाज चढवला नाही, आणि ओळखीच्या माणसाचा हात धरून मी चोरासारखा बाहेर पडलो. वर परतीची बस रेल्वे फाटकात अडकली. बॅटरीचं चिन्ह लाल झालं. सेलूला उतरलो ते थेट पानठेल्यात घुसलो, त्याच्या पंख्याची पिन काढली आणि माझी घातली. बघे जमले. आमच्या गल्लीतल्या भागीरथाबाई भाजी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी थांबून विचारलं, "काय जी ताराचंदभाऊ, मार्केट पडलं का?"

"हाव," मी म्हटलं. "लय पडलं."

घरी आलो आणि पहिल्यांदा हात टेकले. पडद्यावर आता एक लांबलचक इंग्रजी सूचना आली होती, तिचा मोबाइलनं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून दिला. थकलेला होतो, त्यामुळे सूचनेच्या मागे काय दिसतंय ते पाहायचं राहून गेलं.

ग्रुपनं ते आधी पाहिलं. "अरे, गुरुजी पत्ते खेळून राह्यले!" "आपण इथं डोकं फोडून राह्यलो न काका डाव लावून बसले!" "आता समजलं रीस्टार्ट काऊन नाई करत. डाव मोडते न!" हिंगणघाटच्या पोरानं हसण्याची चित्रं ओळीनं टाकली. कोणी एक जाणता म्हणाला, "काका, ते चौकटची सत्ती चुकली तुमची." असे वीसेक संदेश. मी खाटेवर बसून वाचत होतो. ज्या खाटेवर ती बसायची तीच. मला राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला ते काही खोटं बोलत नव्हते. पण तिच्या डावाला लोक हसतायत हे मला पाहवेना. मी एका बोटानं टाइप करायला घेतलं.

"हा डाव माझा नाही. माझी पत्नी कै. सुमित्रा हिचा आहे. ती गेल्या माघात वारली. दवाखान्यात जाताना बंद करू नका म्हणाली होती, म्हणून रीस्टार्ट करता येत नाही. तिची फार आठवण येते. आपणा सर्वांना झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व. ताराचंद, सेलू."

आठवणीचं वाक्य मला लिहायचं नव्हतं. कसं लिहिलं गेलं कळलं नाही आणि पुसायच्या आत बोट पुढे पडलं. स्वप्निलही त्या ग्रुपवर आहे हे मला नंतर आठवलं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. वरचे संदेश एकामागून एक नाहीसे होऊ लागले. जिथे हसण्याची चित्रं होती तिथे "हा संदेश हटवला गेला" असं दिसू लागलं. खाली त्याच्या आणखी एक. पाहता पाहता सगळा पडदा त्याच एका वाक्यानं भरून गेला.  एवढ्या सगळ्या पोरांनी एकाच वेळी मान खाली घातलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

धीरजचा फोन आला.  म्हणाला, "काका, पहिले काऊन नाई सांगितलं? डाव सेव्ह होते न काका. वरच्या पहिल्या शब्दावर क्लिक करा. तिसरी ओळ."

तीन डबे असलेला शब्द. त्याच्या खाली तिसरी ओळ. वर्षभर ती तिथेच होती. इन्व्हर्टर, पाट, एसटी, हिरालालचं मनगट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी पोट धरून हसलो असतो. मी क्लिक करणार तोच धीरज म्हणाला, "थांबा. एक गोष्ट विचारू का? खिडकीच्या तळाशी एक बारीक ओळ आहे. वाचली का कधी?"

ती मी वाचली नव्हती. दुकानदार खालची बारीक अक्षरं वाचत नाही, ती गिऱ्हाइकानं वाचायची असतात. चष्मा लावून वाचली. इंग्रजीत होती म्हणून बिचारीचे डबे झाले नव्हते. हा डाव आता सुटण्यासारखा नाही, असा तिचा अर्थ.

"मशीन स्वतः हिशोब करते काका," धीरज हळू आवाजात म्हणाला. "आता उलटा बाण आहे न, तो एकडाव दाबून पाहा."

दाबला. चौकटची सत्ती इस्पिकच्या अठ्ठीवर होती, ती सरकत परत आपल्या जुन्या जागी गेली. आणि खालची ओळ बदलली. हा डाव सुटण्यासारखा आहे.

म्हणजे तिची शेवटची खेळी चुकली होती. हॉर्न वाजत होता, घाई झाली असेल, सत्ती किलवरच्या अठ्ठीवर जायची ती इस्पिकवर पडली. बाकी सगळा डाव तिनं बरोबर आणला होता.

"वा!" धीरजचा आवाज खुलला. "काकूचा डाव सोडवून टाका काका. सत्ती किलवरवर ठेवा. मी सांगतो पुढचं. दहा मिनिटात सुटते."

मी त्या सत्तीकडे पाहत बसलो. तिनं ती उचलली होती आणि तिथे ठेवली होती. चुकून का होईना, पण या घरात तिच्या हातानं झालेलं ते शेवटचं काम होतं. आणि मी एका बाणानं ते पुसून टाकलं होतं. जिंकायला हरकत काहीच नव्हती. पण मग तिथे तिचा हात राहिला नसता, माझा राहिला असता.

"धीरज," मी म्हटलं, "सुलटा बाण पण असन न?"

"आहे. पण मंग डाव फसते काका."

"फसू दे."

सत्ती इस्पिकच्या अठ्ठीवर जाऊन बसली. खालची ओळ पुन्हा पहिल्यासारखी झाली. मी तिसऱ्या ओळीवर क्लिक केलं, नाव विचारलं तेव्हा सुमित्रा असं टाइप केलं, आणि धीरजनं सांगितलं त्याप्रमाणे मशीन रीस्टार्ट केलं. पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात मला माझं तोंड दिसलं, आणि मागे रिकामी खाट. वर्षभरात पहिल्यांदा घरात पंख्याचा आवाज नव्हता. मी रडलो. फोन चालूच होता.

मशीन परत उठलं ते एखाद्या शहाण्या मुलासारखं. अक्षरं अक्षरांसारखी, आवाज आला, वायफाय आलं. मी आधी डाव उघडून पाहिला. सगळं जागेवर होतं. मग पत्रिका छापल्या. प्रिंटरनं एकही कुरकुर न करता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुमित्राचं नाव स्वच्छ छापलं.

धीरज म्हणाला, "आता एक काम करा काका. ग्रुपवर खाली 'सुटलं' लिहून टाका. आपला नियम आहे. प्रश्न संपला का ज्याचा त्यानं 'सुटलं' लिहायचं, म्हणजे बाकीच्यांले समजते."

या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. ती गेली त्या दिवशी जो आला तो तेच म्हणाला. सुटली बिचारी. लय सोसलं, सुटली. भागीरथाबाई माझ्यासमोर डोळे पुसत म्हणाल्या, "सुटल्या जी बाई." लोक चांगल्या मनानं म्हणत होते आणि मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होतो. खरंही होतं ते. सुयांपासून सुटली, एसटीपासून सुटली. पण दारातून शेवटचा माणूस गेला, मी कडी लावली, आणि तोवर मला कोणी विचारलं नव्हतं की तुझं काय.

ग्रुपवर सगळे वाट पाहत होते. मी 'सु' टाइप केलं. मोबाइलनं पुढचा शब्द स्वतःच पुढे केला, सुमित्रा. मी तो पुसला आणि पुन्हा लिहायला घेतलं.  मध्येच स्वप्निलचा फोन आला, तो उचलून म्हटलं, थांब, मी लावतो, आज आईबद्दल बोलू. आणि मग मला जे खरं वाटलं ते लिहिलं.

"सुटलं नाही. चालू आहे."

नियमात हे बसत नव्हतं. धीरजनं त्याच्याखाली लिहिलं, "चालते काका."